दाबाचं कुठी?

...नाई, बटन सुंदर होतं, मी नाई म्हणतच नाई! गोल गोल कोपऱ्याचं, हिरवंगार, मधात पांढऱ्या अक्षरात 'येथे क्लिक करा'... पाहून बोट शिवशिवावं असं बटन! फक्त ते कोणाले दिसलं नाई. बस, एवढीच कमी राहिली. आता तुम्हीच सांगा, जे दिसत नाई त्याले बटन म्हणाचं का भूत म्हणाचं?

तुम्हाले सांगतो, मी मुकुंद. हिंगण्याले आमची कंपनी, विहिरीवरच्या पाण्याच्या मोटरी बनवते. मी सर्व्हिस खात्यात. सर्व्हिस खातं म्हणजे काय, मोटर बिघडली की शेतकरी दुकानदाराले शिव्या देते, दुकानदार मले देते, अन् मी डबा उघडून जेवतो. इतक्या वर्षात माझं कोणासंगं भांडण नाई. पण ह्या मेलनं, सांगतो तुम्हाले, ह्या मेलनं माझ्या डोक्याचा पार भुगा केला!

झालं काय, एका लॉटमधी घोळ झाला. आतली एक वायर सैल राहिली अन् मोटरीच्या लोखंडी अंगात करंट उतराले लागला. हे काही हसाचं काम नाई हं! शेतकरी माणूस, ओले हात, ओले पाय, मोटरीले हात लावला की खेळ खलास! फॅक्टरीत कळलं तेव्हा मोटरी निघून गेल्या होत्या, काटोल, नरखेड, त्या साऱ्या संत्र्याच्या पट्ट्यात. अन् दिवस कोणते? बगीच्याले पाणी द्याचे!

मोठे साहेब म्हणाले, "सगळ्या डीलरांना कळवा. मेलवर."

मी म्हटलं, "साहेब, फोन करतो ना, पटापट होते."

"फोनचा पुरावा राहत नाही."

"मंग व्हॉट्सअ‍ॅपवर टाकतो."

"लीगलवाले नाही म्हणतात."

बरं बाप्पा! माणूस मेला तरी चालते, पुरावा जित्ता पाहिजे. मेल त मेल. मी बसलो अन् लिहिलं... ऐका, पूर्ण मेल ऐका: 'मोटर बंद ठेवा. हात लावू नका. करंट येऊन राहिला आहे. मोटरीचा नंबर खालच्या लिंकवर टाका, नवीन मोटर मिळेल.' अन् खाली लिंक. झालं! याच्यात काही कमी आहे का? आपल्या गल्लीतल्या म्हशीलेही समजलं असतं!

पण नाई. मेल जाच्या आधी रजतकडं गेला. रजत म्हणजे आमचा डिजिटल हेड. पोट्टा मनीषनगरचाच, माझ्या घराच्या मागच्या गल्लीतला, त्याच्या बापासंगं मी भाजी आणाले जातो. पण बंगलोरले राहून आला, त आता 'का'ले 'काहून' म्हणाले लाजते. खांदे उडवते. काहून विचाराचं असलं की नुसते खांदे उडवते!

माझा मेल पाहून त्यानं असं तोंड केलं... असं... जसं कढीत झुरळ निघालं. "सर, हे खूप ड्राय आहे. प्लेन टेक्स्ट? आजच्या जमान्यात? सर, आपल्याला कस्टमरला एक एक्सपिरियन्स द्यायचा आहे."

मी म्हटलं, "बाबू, एक्सपिरियन्स त मोटर देऊनच राहिली. तो येऊ नये म्हणून त मेल आहे!"

ऐकते कोण! बसला टेम्प्लेट बनवाले. त्याले म्हणे एचटीएमएल टेम्प्लेट म्हणतेत. वर कंपनीचा लोगो. त्याच्या खाली संत्र्याचा बगीचा, इतका हिरवा की आपल्या विदर्भात कोणत्या बापजन्मी असा दिसला नाई. त्या बगीच्यात एक शेतकरी, हसून राहिला, डोक्यावर कोल्हापुरी फेटा! नरखेडच्या वावरात कोल्हापुरी फेटा कोण घालते गा? लग्नातला नवरदेव पळून आला काय? मी विचारलं, "हा काहून हसून राहिला? याले करंट लागला का?" त रजत म्हणते, "सर, पॉझिटिव्हिटी."

अन् मजकूर? 'करंट' शब्द साहेबांनी काढला, म्हणे लोकं घाबरतेत. अहो, घाबरावं म्हणूनच लिहिला होता! त्याच्या जागी आलं, 'सुरक्षिततेचा नवा प्रवास, आपल्यासोबत.' 'हात लावू नका' गेलं, आलं, 'आपल्या मोटरीबद्दल एक महत्त्वाची बाब.' अन् ही बाब बी अक्षरात नाई, चित्रात कोरलेली! सगळं चित्रच. बटन बी चित्र. वरून साहेबाची सही, ते बी चित्र!

गेला मेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खुर्चीत टेकत नाई त फोन. नरखेडचे आमचे डीलर, शालिकरामजी. माणूस सोन्यासारखा, पण आवाज असा, की फोन हातभर दूर धरा, बाजूच्या टेबलवाला उत्तर देते.

"मुकुंदभाऊ! दाबाचं कुठी?"

"काय दाबाचं?"

"मले काय विचारता? तुमच्या मेलात लिहिलं आहे, येथे क्लिक करा. येथे म्हणजे कुठी? चार चौकोन दिसून राहिले, आत काहीच नाई. एका चौकोनाच्या कोपऱ्यात फुली आहे. फुली दाबू?"

"नका दाबू!"

"मंग दाबाचं कुठी?"

काय झालं होतं, की त्याच्या फोनात मेलातले चित्रं आपोआप दिसतच नाई. गंज, म्हणजे पुष्कळ लोकांच्या फोनात दिसत नाई. अन् मेलासंगं जी साधी अक्षरं जातेत, ती मशीननं आपल्या मनानं बनवली होती: 'प्रिय ग्राहक. येथे क्लिक करा. धन्यवाद.' बस! लिंक गायब. 'येथे क्लिक करा' म्हणजे नुसते तीन शब्द. त्याले दाबा, चोळा, त्याची आरती करा, काही होत नाई!

मी शालिकरामजीले तोंडानं सांगितलं, करंट आहे, मोटरी बंद कराले लावा. ते बिचारे लागले गिऱ्हाइकांले फोन कराले; कोणी उचलला, कोणी नाई. तितक्यात दुसरा डीलर, "साहेब, दाबाचं कुठी?" मंग तिसरा, "दाबाचं कुठी?" अहो, काटोलहून एक बाई बोलली, डीलरची बायको, ती त रडकुंडीले आली, "भाऊ, मी काच पुसून पुसून दाबून राहिली, अंगठा दुखाले लागला, ह्याईले सांगू नका, म्हणतीन तुले येत नाई!"

ज्याचा फोन आला त्याले मी सांगितलं. पण ज्याचा नाई आला, त्याचं काय?

मी गेलो रजतकडं. मनात म्हटलं, आता याची मुंडी खाली असंन. त हा लेकाचा खुर्चीत गोल गोल फिरून राहिला! "सर! क्लिक रेट पाहा! एवढा रिस्पॉन्स मी बंगलोरला पण नाही पाहिला!"

मी म्हटलं, "क्लिक? कायचा क्लिक? बटन दिसत नाई, लिंक नाई, लोकं दाबून कायले राहिले?"

आमचा कॉम्प्युटरवाला आहे दुर्गेश, शांत माणूस, बोलते कमी अन् बोलला की दुसऱ्याचं बीपी वाढते. त्यानं पाहिलं अन् म्हणते, "सर, पूर्ण मेलात एकच लिंक जित्ती होती. सगळ्यात खाली, मुंगीएवढ्या अक्षरात. 'आमचे मेल नको असल्यास येथे दाबा.' लोकांनी तेच दाबलं."

आता बोला! लोकं शोधून राहिले, दाबाचं कुठी, दाबाचं कुठी, अन् दाबाले एकच जागा सापडली, ते दाबून मोकळे झाले! वरून त्याईले लिहून आलं, 'आपली विनंती नोंदवली आहे, धन्यवाद.' ते समजले, झालं काम! खुशाल दुकानात बसून चहा पिऊन राहिले! तिकडं गावात मोटरी चालू!

मी साहेबाच्या केबिनमधी घुसलो. म्हटलं, "साहेब, आता मले फोन करू द्या."

साहेब म्हणे, "पॅनिक नको. दुसरा मेल काढा. तुमचा साधा चालेल."

तुम्हाले सांगतो, त्या वेळेस माझी छाती अशी फुगली! म्हटलं, पाहा, शेवटी साध्यापाशीच आले ना! रजतकडं पाहून मी मिशीवर हात फिरवला, मिशी नाई तरी फिरवला. माझ्या चार ओळी, खाली माझी लिंक, छोटीशी, उंदराच्या शेपटीएवढी.

पण हा रजत! मधात नाक खुपसल्याशिवाय याचं अन्न पचत नाई. "सर, कोणी दाबलं ते कळायला पाहिजे ना, मी फक्त ट्रॅकिंग लावतो." लावलं. उंदराच्या शेपटीची पार मारुतीची शेपटी केली! इंग्रजी अक्षरं, आकडे, टक्क्याच्या खुणा, बरोबरचे चिन्हं... वाचता वाचता लंका जळून जाईन, लिंक संपत नाई! अन् शेवटी आमच्या टायपिस्टनं, शुद्धलेखनाची भारी हौस, लिंकच्या मागं टिंब दिलं. वाक्य संपलं ना!

परत शालिकरामजी.

"मुकुंदभाऊ, आता दिसून राहिलं. अर्धं निळं आहे, अर्धं काळं. दाबाचं कुठी? निळ्याले का काळ्याले?"

"निळ्याले."

"दाबलं. म्हणते, पान सापडले नाही."

मले काही समजेना. दुर्गेशले विचारलं. त म्हणते, "सर, साध्या मजकुरात लिंक नसतेच."

"नसतेच म्हणजे? मी टाकली ना!"

"तुम्ही अक्षरं टाकली. वाचणारा फोन अंदाज लावते, इथून इथपर्यंत लिंक असंन. लांब असली अन् मधात ओळ तुटली, की तो म्हणते इथीच संपली. अन् तुटली नाई त शेवटचं टिंब बी तिच्यातच धरून घेते."

अंदाज! अहो, मोटरीत करंट आहे का नाई हे आपण अंदाजानं पाहतो का, हात लावून? मंग हा फोन अंदाजानं काहून चालून राहिला? अन् हा दुर्गेश हे सगळं मेल गेल्यावर सांगून राहिला! मी म्हटलं, "तुले पयले माहीत होतं?" म्हणे, "हो." "मंग बोलला काहून नाई?" म्हणे, "मले कोणी विचारलं नाई." हाणू का याले? हाणू का नाई, सांगा!

वरून खरी गंमत त पुढंच. हा दुसरा मेल गेला कोणाले? ज्याईनं 'मेल नको' दाबलं होतं, ते त यादीतून उडाले! त्याईले गेलाच नाई! शालिकरामजी वाचले, कारण त्याईचा अंगठा इतका जाड, की मुंगीएवढं अक्षर त्याईले दाबताच आलं नाई.

मंग काय, मीटिंग! कॉन्फरन्स रूम, एसी, बिस्किटं. विषय, टेम्प्लेट का साधं. रजत म्हणते टेम्प्लेट, साधं म्हणजे ब्रँडचा अपमान. मी म्हणतो साधं, टेम्प्लेट म्हणजे नुसता फेटा. दुर्गेश म्हणते, दोन्ही संगं जातेत, चित्राच्या मागं साधा मजकूर हातानं लिहाचा, पूर्ण लिंकसहित, ज्याले जे दिसंन ते दिसंन. मी म्हटलं, मंग कर ना बाबा! त म्हणे, त्याले मंजुरी लागते. मंजुरी कोणाची? साहेबाची. साहेब कुठी? समोर बसून बिस्कीट खाऊन राहिले! साहेब म्हणते, "विचार करू."

तितक्यात फोन. शालिकरामजीच. मी मनात म्हटलं, आता म्हणतीन दाबाचं कुठी. पण ते नाई म्हणाले. मंग हळूच म्हणाले, "मुकुंदभाऊ, जयवंताबाईले झटका लागला."

जयवंताबाई म्हणजे नरखेडच्या पलीकडच्या खेड्यावरची त्याईची गिऱ्हाईक, स्वतः बगीचा पाहणारी बाई. शालिकरामजीनं तिलेही फोन केला होता, पण तिचा फोन घरी चार्जिंगले अन् ती वावरात. मोटर चालू केली, अन् अंगावर पाणी उडालं म्हणून नळी सरकवाले गेली... लागला हात. फेकल्या गेली म्हणे बाई. संत्र्याच्या बुंध्यावर जाऊन आदळली.

"जित्ती आहे?"

"जित्ती आहे. दवाखान्यातून आली, माझ्या दुकानात बसली आहे. तुम्हाले बोलावून राहिली."

माझ्या हातातलं बिस्कीट चहात पडलं. मी उठलो. साहेब म्हणे, "मीटिंग सुरू आहे." मी म्हटलं, "चालू द्या." अन् गाडीले किक मारली, सरळ नरखेड. पूर्ण रस्ता माझ्या डोळ्यांपुढं तो फेटेवाला हसून राहिला होता. हसून राहिला, हसून राहिला... मले वाटे, थांबून त्याच्या कानाखाली द्यावी, पण चित्राले कुठी मारता?

दुकानात गेलो त बाकावर जयवंताबाई. उजव्या हातावर पट्टी, कोपर सुजून नारळाएवढं. मी हात जोडले.

तिनं मले वरतून खालपर्यंत पाहिलं. "तुम्हीच का कंपनीचे?"

"हो बाई."

"कळवलं होतं म्हणे तुम्ही?"

"हो, मेलवर..."

"कोणती मेल? आमच्या गावाले त पॅसेंजरही थांबत नाई." मंग शालिकरामजीले म्हणते, "दाखवा बरं भाऊ, काय कळवलं." शालिकरामजीच्या पोराच्या नव्या फोनात तो पहिला मेल चित्रासहित उघडला. तिनं पाहिला. डाव्या हातानं वर-खाली केला. परत पाहिला.

"वाचून दाखवा," मले म्हणते.

मी वाचलं. 'सुरक्षिततेचा नवा प्रवास, आपल्यासोबत...'

"थांबा. याच्यात मोटरीले हात लावू नका असं कुठी आहे?"

नव्हतं ना! मी काय दाखवू?

"रोज मोटर माझा सासरा चालू करते," ती म्हणाली. आवाज चढवला नाई, शिवी दिली नाई, अन् तेच भारी पडलं. "नानाजी. म्हातारा माणूस आहे. आज गुडघे दुखून राहिले म्हणून मी गेली. ते गेले असते त आज तुम्ही इथी नाई, मातीले आले असते. अन् तुम्ही त्याईच्यासाठी हा हसणारा बुवा पाठवला?"

मी खाली मान घातली.

मंग तीच उठली. "बसून राहू नका. गावात अजून कोणाकोणाच्या मोटरी आहेत? भोंगा आहे का कोणाचा?"

होता. एका भंगारवाल्याचा ऑटो, वर भोंगा बांधलेला. बसलो आम्ही तिघं. गावात शिरलो. शालिकरामजीनं माईक माझ्या हाती दिला. अन् इतकी वर्षं ऑफिसात काढलेला मी काय बोलावं? "सन्माननीय ग्राहक, आपणांस कळविण्यात येते की..."

जयवंताबाईनं डाव्या हातानं माईक ओढला. "अरे बंद करा त्या मोटरी! हात नका लावू वं बायांनो, करंट आहे त्याईच्यात! मी जयवंता बोलून राहिली, मले लागला झटका! बंद करा, शालिकरामच्या दुकानात नंबर सांगा, नवीन भेटते!"

संपलं! हेच त लिहिलं होतं मी! घराघरातून माणसं धावली. वावराकडं गाड्या पळाल्या. एक म्हातारा त चप्पल न घालता पळाला. कोणी विचारलं नाई, दाबाचं कुठी! सगळ्याईले बरोबर समजलं, कुठी दाबाचं अन् कुठी नाई!

मी दुकानात बसून एकेका डीलरले फोन लावला. म्हटलं, पुरावा गेला खड्ड्यात, साहेब गेले एसीत, भोंगा लावा! काटोलच्या त्या बाईनं त देवळाच्या स्पीकरवरून स्वतःच सांगितलं, अंगठा दुखून राहिला तरी. डीलरांनी तोंडानं नंबर सांगितले, दुर्गेशनं ऑफिसात बसून कॉम्प्युटरमधी टाकले... यावेळेस मी त्याले आधीच विचारून घेतलं, 'काही सांगाचं राहिलं का?' सगळ्या मोटरी परत आल्या. दुसऱ्या कोणाले झटका लागला नाई. जयवंताबाईचं कोपर बरं झालं. नानाजी अजूनही फोनवर मले म्हणतेत, "सुनेनं वाचवलं, कंपनीनं नाई." खोटं कुठी आहे?

आता संपलं ना? संपाले पाहिजे होतं ना?

पंधरवड्यानं ऑफिसात टाळ्या. मोठ्या पडद्यावर रजत. "शंभर टक्के रजिस्ट्रेशन! एचटीएमएल टेम्प्लेटचं यश!" अन् मागं तो फेटेवाला, भिंतीएवढा, हसून राहिला! मी उभा राहिलो. म्हटलं, "साहेब, हे मेलनं नाई झालं. भोंग्यानं झालं. जयवंताबाईनं झालं!"

साहेब शांतपणे म्हणे, "मुकुंदराव, रिपोर्टमध्ये भोंग्याचा कॉलम नाही."

बसलो खाली. काय करता!

जेवणाच्या सुट्टीत रजत आला, मले वाटलं आता चिडवंन. नाई, डोळे चमकून राहिले होते त्याचे. खरंच सांगतो, मनापासून बोलला पोट्टा: "सर, तुमचा भोंग्याचा पॉइंट मला खूप आवडला. लोकल टच आहे! मी पुढच्या टेम्प्लेटमध्ये घेतलाय." अन् लॅपटॉप उघडला. बटनाच्या बाजूले भोंग्याचं चित्र. पिवळं. हलून राहिलं होतं.

"आवाज येते का याच्यातून?" मी विचारलं.

"नाही सर, पण फील येतो ना? कसा वाटतोय?"

मी त्या भोंग्याकडं पाहिलं, त्या पोट्ट्याकडं पाहिलं, डब्यातली भाजी थंडी होऊन राहिली होती तिच्याकडं पाहिलं.

म्हटलं, "थोडा डाव्या बाजूले घे."